मिशिगनच्या रानात तरुण पक्षी-कुत्र्याचा पहिला वसंत

कॅलेंडरप्रमाणे वसंत ऋतू २० मार्चच्या सुमारास सुरू होत असला, तरी उत्तर मिशिगनमध्ये ग्रेलिंग आणि रॉसकॉमनच्या परिसरात त्या दिवसांत सावलीतल्या उतारांवर घोटाभर बर्फ शिल्लक असतो आणि झाडांवर एकही पान नसते. ओढ्यांच्या काठची जमीन मात्र मऊ होऊ लागलेली असते. त्या जमिनीतील गांडुळांच्या ओढीने, लुइझियाना आणि आखाती किनाऱ्यालगतच्या राज्यांत हिवाळा काढलेले वुडकॉक पक्षी रात्रीचा प्रवास करत परत येऊ लागतात. ज्यांच्या घरी सहा महिने ते दीड वर्ष वयाचे इंग्लिश सेटर, पॉइंटर, ब्रिटनी किंवा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीचे पिल्लू आहे, त्यांना, शिकारीसाठी पक्षी हुडकून दाखवण्याचा पिल्लाचा सराव घ्यायला, हे तीन-चार आठवडे पुन्हा वर्षभर मिळणार नाहीत. हा लेख अशा मंडळींसाठी आहे, ज्यांनी यापूर्वी कुत्रा घेऊन कधी रानात पाऊल टाकलेले नाही.

पॉइंटिंग जातीचा कुत्रा पक्ष्याचा पाठलाग करत नाही; पक्ष्याचा वास आला की तो जागच्या जागी थिजतो आणि त्या दिशेला नाक रोखून उभा राहतो. यालाच ‘पॉइंट’ म्हणतात. ही वृत्ती पिल्लाच्या रक्तातच असते, ती कोणी शिकवू शकत नाही. शिकवायचा असतो तो फक्त धीर, आणि माझ्या अनुभवात हा धीर माणसापेक्षा रानातला पक्षीच अधिक चांगला शिकवतो. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीचा हेतू एकच आहे : पिल्लाची आणि पक्ष्याची योग्य जागी, योग्य वाऱ्यात गाठ घालून द्यायची आणि आपण शक्य तितके गप्प राहायचे.

वाचकांपैकी कोणी हे वाचून सुट्टीत महाराष्ट्रातल्या माळरानावर तितर-लाव्यांवर असाच सराव करू पाहत असेल, तर त्याने तो विचार सोडून द्यावा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांना संरक्षण दिलेले आहे आणि कुत्र्याकरवी त्यांना त्रास देणे हा गुन्हा ठरू शकतो. पुढचे सारे विवेचन मिशिगनपुरते आहे.

तारखा आणि नियम

मिशिगनमध्ये वन्य पक्ष्यांवर कुत्र्यांचे प्रशिक्षण ८ जुलै ते १५ एप्रिल या काळातच करता येते. १६ एप्रिल ते ७ जुलै हा विणीचा काळ असल्याने त्या दिवसांत विशेष परवान्याशिवाय हे काम बंद असते. शेजारच्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांतही याच सुमारास बंदी सुरू होते, परंतु ती संपण्याची तारीख आणि ती लागू असलेल्या जमिनींचे नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे आपल्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये. आपण निवडलेली जमीन सरकारी वनक्षेत्रात आहे की खासगी मालकीची, हेही नकाशावर तपासून घ्यावे. ह्युरॉन-मॅनिस्टी राष्ट्रीय वनांसारखी विस्तीर्ण सार्वजनिक जमीन उपलब्ध असताना दुसऱ्याच्या मालकीच्या रानात शिरण्याचे काहीच कारण नसते.

कायद्याची तारीख १५ एप्रिल असली, तरी पक्षी माणसांचे कॅलेंडर पाळत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच काही वुडकॉक माद्या अंडी घालू लागतात, आणि राज्याच्या दक्षिण भागात तर हे आणखी आधी घडते. त्यामुळे मी स्वतः उत्तरेकडे साधारण १० एप्रिलला थांबतो. त्याविषयी शेवटी अधिक लिहिले आहे.

रानात जाण्यापूर्वी घरी करायची तयारी

पिल्लाला तीन गोष्टी येत असतील तर ते रानात न्यायला तयार आहे असे समजावे. हाक मारताच किंवा शिट्टी वाजवताच ते परत आले पाहिजे, पट्टा ताणल्याशिवाय शेजारी चालता आले पाहिजे, आणि ‘थांब’ म्हटल्यावर चारही पाय रोवून उभे राहता आले पाहिजे. इथले लोक यासाठी ‘व्हो’ हा शब्द वापरतात. मी ‘थांब’च वापरतो, कारण तोही तसाच तुटक आणि ठाम ऐकू येतो. शब्द कोणता यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी तोच एक शब्द, त्याच एका अर्थाने वापरणे महत्त्वाचे असते. आई ‘थांब’ म्हणते, मुले ‘स्टॉप’ म्हणतात आणि आजोबा ‘उभा राहा’ म्हणतात, अशा घरात पिल्लाला यांपैकी कोणताच शब्द कळत नाही. ‘थांब’ हा धडा अंगणात, जेवणाच्या ताटलीसमोर, दारातून बाहेर पडताना, रोज पाच-पाच मिनिटे गिरवावा. रानात पक्ष्यासमोर मात्र तो पहिल्या काही आठवड्यांत अजिबात उच्चारू नये, याचे कारण पुढे येईल.

सामान थोडे लागते. सुमारे ३० फूट लांबीची, ओली झाली तरी न गुंतणारी जाडसर दोरी, जी कुत्र्याच्या गळपट्ट्याला लावून जमिनीवरून फरफटत ठेवता येते, गळ्यात बांधायची छोटी घंटा, शिट्टी, आणि माणूस व कुत्रा दोघांनाही भडक नारिंगी जाकीट. घंटेचा आवाज चालू असतो तोवर कुत्रा हिंडतो आहे, आवाज थांबला की तो उभा आहे, हे नवशिक्याच्या कानाला दोन दिवसांत उमगते. उपग्रहावर चालणारा गळपट्टा महाग असला तरी दाट झुडपात पिल्लू दिसेनासे झाल्यावर त्याची किंमत कळते. खिशात एक मजबूत पक्कड ठेवावी, कारण उत्तर मिशिगनमध्ये साळिंदरे आहेत, आणि तोंडात काटे घुसलेल्या पिल्लाला घेऊन पशुवैद्यापर्यंत पोहोचायला तासभर लागू शकतो. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशी वेळेवर दिलेल्या असाव्यात, आणि गोचीड-प्रतिबंधक औषध मार्च उजाडण्याआधीच सुरू केलेले असावे. काळ्या पायांची गोचीड, जिच्यामुळे लाइम रोग होतो, थंडीत मरत नाही. तापमान चार-पाच अंशांवर गेले की ती गवताच्या टोकांवर येऊन बसते.

जागा शोधणे

नवशिका बहुधा येथेच चुकतो. तो गाडी थांबवतो, रान दिसले म्हणून कुत्रा सोडतो, दोन तास चालतो आणि एकही पक्षी न भेटता परततो. पिल्लाच्या दृष्टीने अशी फेरी म्हणजे लांबलचक कंटाळा, आणि तीन-चार वेळा असे झाले की त्याचे नाक शोधण्याचे काम सोडून उंदीर-खारींकडे वळते.

म्हणून पहिल्या संध्याकाळी कुत्रा घरी ठेवून एकट्यानेच जावे. वुडकॉकचा नर सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी, ऑल्डरच्या झुडपांजवळच्या एखाद्या मोकळ्या तुकड्यात उतरतो आणि जमिनीवर बसून ‘पींट’ असा नाकातून काढलेला, चिरका आवाज पुन्हा पुन्हा काढतो. मग तो गोल गोल घिरट्या घेत उंच चढतो, पंखांतून शीळ घुमवतो आणि किलबिलाट करत नागमोडी वळणांनी पुन्हा त्याच जागी उतरतो. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेची वुडकॉकची गणनाही याच आवाजावर चालते. १९६८ पासून उत्तरेकडच्या राज्यांत ठरलेल्या ३.६ मैलांच्या मार्गांवर दहा ठिकाणी प्रत्येकी दोन मिनिटे थांबून असे नर मोजले जातात. आपणही तेच करायचे : कच्च्या रस्त्यावर दर अर्ध्या मैलाला गाडी बंद करून दोन मिनिटे कान द्यायचे आणि जिथे दोन-तीन नर ऐकू येतील ती जागा नकाशावर खुणेने नोंदवायची. त्या मोकळ्या तुकड्यात मात्र शिरायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आसपासच्या दाट झुडपात जायचे, कारण दिवसा पक्षी तिथे विश्रांती घेत आणि चरत असतात.

झुडपाची पारख जमिनीकडे पाहून करावी. मनगटाएवढ्या खोडांचे ॲस्पेन, ज्याला इथले लोक ‘पॉपल’ म्हणतात, आणि त्याच्या पायथ्याशी ओलसर काळी माती, ही उत्तम जागा. मातीत पेन्सिलीने टोचल्यासारखी भोके दिसली, तर ती वुडकॉकने लांब चोचीने गांडुळे शोधल्याची खूण समजावी. पानांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे डाग दिसले तर पक्षी काल-आज इथेच होता असे समजावे. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आणि झऱ्यांच्या कडा आधी वितळतात, म्हणून मार्चमध्ये पक्षी तिथे दाटीने सापडतात. बर्फ सर्वत्र गेला की ते विखुरतात. मराठी वाचकांना ओळख पटावी म्हणून सांगतो की वुडकॉक हा आपल्या पाणलाव्याच्या कुळातलाच. तशीच लांब चोच आणि वाळलेल्या पानांत मिसळून जाणारा तसाच तपकिरी रंग, मात्र राहणी दलदलीतली नसून रानातली. त्याचे डोळे डोक्यावर इतके मागे असतात की माती टोचताना त्याला पाठीमागचेही दिसते.

याच रानात रफ्ड ग्राउस हा दुसरा पक्षी वर्षभर राहतो. तो पळत पळत दूर जातो आणि जरा चाहूल लागली की गडगडाट करत उडतो. वुडकॉक मात्र आपल्या रंगावर भरवसा ठेवून बसून राहतो आणि पिल्लाला चुकायला, सावरायला वेळ देतो. त्यामुळे पहिल्या वसंतात लक्ष वुडकॉकवर ठेवावे. ग्राउस भेटला तर भेटला.

पहिल्या चार-पाच फेऱ्या

सकाळी नऊच्या सुमारास, तापमान शून्याच्या वर चढले की निघावे. हवा दमट, गार आणि वारा मंद असेल तर वास जमिनीलगत टिकतो. कोरडा, सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी घरी राहिलेले बरे. रानात शिरताना वारा आपल्या तोंडावर येईल अशी दिशा धरावी. पक्ष्याचा वास त्याच्यापासून वाऱ्याबरोबर पसरत जातो, जवळ अरुंद आणि दूर रुंद. वाऱ्याकडे तोंड करून चालणाऱ्या पिल्लाला तो दुरून, विरळ स्वरूपात लागतो आणि पक्ष्यापाशी पोहोचण्याआधी त्याला थांबण्याची संधी मिळते. वारा पाठीवर घेऊन चालले तर पिल्लू थेट पक्ष्यावर जाऊन आदळते, आणि मग दोष पिल्लाचा नसून आपला असतो.

या फेऱ्या वीस ते तीस मिनिटांच्याच असाव्यात. दोरी लावू नये, हुकूम देऊ नये. पिल्लाला मोकळे धावू द्यावे आणि आपण शांतपणे एका दिशेने चालत राहावे. त्याला वळवायचे असेल तर हाक न मारता आपणच वळावे. काही क्षणांत घंटा आपल्या बाजूला सरकते. माणूस कुठे आहे याचे भान ठेवणे हा पिल्लाचा पहिला धडा आहे, आणि सतत हाका मारणाऱ्या माणसाचे भान ठेवण्याची त्याला गरजच उरत नाही.

पहिला पक्षी भेटेल तेव्हा पिल्लू बहुतेक वेळा त्याच्यावर धावून जाईल, पक्षी पंखांची शीळ घुमवत उडेल आणि पिल्लू भुंकत मागे पळेल. पळू द्यावे. रागवू नये, शिट्टी वाजवू नये, हसून शाबासकीही देऊ नये. पक्षी पकडता येत नाही, हे पिल्लाला स्वतःच्या पायांनी कळले पाहिजे. पाच-सहा पक्षी असे निसटले की एके दिवशी ते धावता धावता मध्येच थबकते, एक पाय अर्धवट उचललेला राहतो, शेपटी ताठ होते. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी ठेवून केलेल्या सरावात हे सहसा घडत नाही, कारण ते पक्षी नीट उडत नाहीत, पिल्लू एखादा पकडते आणि धावून गेल्यास फळ मिळते असा उलटा धडा शिकते.

उडालेला वुडकॉक बऱ्याचदा शे-दीडशे पावलांवर पुन्हा उतरतो. त्याच्यामागे एकदा जाण्यास हरकत नाही, दुसऱ्यांदा जाऊ नये. लांबचा प्रवास करून आलेला पक्षी चरण्यासाठी थांबलेला असतो. त्याला वारंवार उठवणे अन्यायाचे आहे.

पॉइंट मिळू लागल्यावर

एका फेरीत दोन-तीन वेळा पिल्लू आपणहून थांबू लागले की दोरी लावण्याची वेळ आली. दोरी मोकळी फरफटत असते. ती पिल्लाला खेचण्यासाठी नसून पॉइंटच्या क्षणी हलक्या हाताने त्याला तिथेच राहायला मदत करण्यासाठी असते.

घंटा थांबली की घाई करू नये. पिल्लाच्या थेट मागून कधीही जाऊ नये, कारण मागून येणारी पावले ऐकून ते पुढे झेपावते. बाजूने, थोडे लांबून वळसा घालून, त्याला आपण दिसू अशा बेताने यावे. वाटेत दोरीचे टोक हातात घ्यावे, पिल्लापाशी पोहोचल्यावर एक शब्दही न बोलता त्याच्या छातीखाली हात ठेवावा आणि पाठीवरून शेपटीकडे सावकाश हात फिरवावा. पिल्लू थरथरत असते. त्या थरथरीत भीती नसते. नाकातून आत येणारा वास आणि पायांतली धाव यांची ओढाताण असते, आणि आपला शांत हात त्याला थांबण्याच्या बाजूने आधार देतो. पंधरा-वीस सेकंद असे राहिल्यावर सोबतच्या दुसऱ्या माणसाने समोरून, पिल्लाच्या नाकासमोरच्या झुडपात पाय घालून पक्षी उडवावा. एकट्याने हे काम करायचे असेल तर दोरीचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला देऊन मग आपण पुढे जावे. पक्षी दिसेनासा झाला की पिल्लाला गळपट्ट्याला धरून विरुद्ध दिशेला थोडे चालवत न्यावे आणि मगच मोकळे सोडावे.

आता ‘थांब’ न म्हणण्याचे कारण सांगतो. माझी पहिली कुत्री, चांदणी नावाची ठिपकेदार इंग्लिश सेटर, नऊ महिन्यांची असताना तिने ऑ सेबल नदीजवळच्या एका ऑल्डरच्या पट्ट्यात पहिला सुंदर पॉइंट दिला. मी आनंदाने आणि घाईने तिच्या मागून धावत गेलो, ‘थांब, थांब’ असे ओरडत राहिलो, आणि ती पुढे सरकताच दोरी जोराने ओढली. पुढच्या दोन रविवारी तेच केले. तिसऱ्या आठवड्यात मला दिसले की वास लागताच ती मान फिरवते आणि पक्ष्याला वळसा घालून निघून जाते. कुत्र्यांच्या जाणकारांत याला ‘ब्लिंकिंग’ म्हणतात. पक्षी म्हणजे ओरडा आणि गळ्याला हिसका, असा तिने अर्थ लावला होता. ती वृत्ती जायला पुढचे वर्षभर लागले, आणि त्या वर्षभरात मला पक्ष्यांसमोर गप्प राहण्याखेरीज दुसरे काहीही करावे लागले नाही. धावून जाणारे पिल्लू पुढे सहज स्थिर करता येते. पक्ष्यापासून तोंड फिरवणारे पिल्लू परत आणणे फार अवघड असते. अंगणात पक्का झालेला ‘थांब’ हा शब्द रानात, पिल्लू आपणहून दहा-बारा पक्ष्यांवर स्थिर उभे राहिल्यानंतर, मऊ आवाजात आणि एकदाच वापरावा.

बंदुकीच्या आवाजाविषयी थोडक्यात. पहिल्या वसंतात तो ऐकवलाच पाहिजे असे नाही. ऐकवायचा असेल तर पिल्लू उडालेल्या पक्ष्यामागे पूर्ण वेगाने धावत असताना, साठ-सत्तर पावले दूर असतानाच, छोट्या पिस्तुलातला छऱ्यांविना बार एकदा काढावा. पिल्लाने शेपटी पायांत घातली किंवा आपल्याकडे वळून पाहिले, तर त्या वर्षी पुन्हा तो आवाज काढू नये. शांत उभ्या असलेल्या पिल्लाच्या डोक्यावर बार काढून त्याची परीक्षा घेणे ही क्रूर चूक आहे आणि तिने चांगले कुत्रे कायमचे बिघडतात.

धोके

मार्चमधला सर्वांत मोठा धोका गोठलेल्या पाण्याचा. तळ्यांवरचा बर्फ वरून शुभ्र आणि भक्कम दिसतो, परंतु कडेने तो आतून पोकळ झालेला असतो. ज्या रानाला लागून तळे किंवा बीव्हरने अडवलेले पाणी आहे, ते रान बर्फ पूर्ण वितळेपर्यंत टाळावे. पिल्लू ओले झाले तर गाडीत जाड टॉवेल आणि कोमट पाण्याची थर्मास असू द्यावी. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फाची खपली काचेसारखी असते आणि तिने पंजांच्या गाद्या कापतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर चारही पंजे उलटून पाहावेत. घरी आल्यावर कानांच्या मागे, काखेत, गळपट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधाव्यात. सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी. तिच्यावर तेल किंवा रॉकेल ओतू नये. स्वतःचे अंगही तितक्याच काळजीने तपासावे.

केव्हा थांबावे

वुडकॉकची मादी जमिनीवरच, पानांच्या खळग्यात, बहुधा चार अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे त्यांवर बसते. बसलेली मादी अगदी शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. एखादा पक्षी कुत्र्याच्या नाकाखालून उठून, पाय लोंबकळत ठेवून, जखमी असल्यासारखा फडफडत थोड्याच अंतरावर उतरला, तर तिथे घरटे किंवा पिल्ले आहेत असे समजावे. तिथल्या तिथे उभे राहावे, पुढचे पाऊल टाकण्याआधी जमीन नीट पाहावी, कुत्र्याला पट्टा लावावा आणि आलेल्या वाटेनेच परत फिरावे. घरट्याचा फोटो काढायला थांबू नये, कारण आपल्या पायांचा वास आणि मोडलेल्या फांद्या कोल्ह्या-रॅकूनांना तिथवर वाट दाखवतात. असा एक प्रसंग घडला की तारीख ४ एप्रिल असो वा १२, त्या वसंतापुरते काम संपले.

उत्तरेकडे साधारणपणे या काळात आठवड्याला दोन-तीन फेऱ्या आणि एकूण पंचवीस-तीस पक्षी मिळाले, तर पिल्लाचे वर्ष चांगले गेले असे मानावे. प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवावी : तारीख, तापमान, वाऱ्याची दिशा, पक्षी कोणत्या झाडीत मिळाला, पिल्लाने तो उडवला की रोखून धरला. दोन-तीन वसंतांच्या नोंदी जमल्या की कोणता ओढा कोणत्या आठवड्यात पक्ष्यांनी भरतो हे वहीच सांगू लागते.

पुढे दोन-तीन वर्षांनी कुत्रा पक्ष्यासमोर पूर्णपणे स्थिर राहू लागला, तर बंदीच्या काळातही त्याला एक काम मिळू शकते. मिशिगनचा नैसर्गिक संसाधन विभाग प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून वुडकॉकच्या पिल्लांना पायात कडी घालण्याचा उपक्रम चालवतो, आणि पानांत दडलेली ती पिल्ले शोधण्याचे काम पॉइंटिंग कुत्रेच करतात. त्यासाठी माणसाकडे परवाना लागतो आणि कुत्र्याकडे असा धीर लागतो की नाकासमोर मूठभर पिल्लू असतानाही त्याचा पाय हलणार नाही. चांदणी त्या पातळीला पोहोचायला सहा वर्षांची व्हावी लागली. तोवर प्रत्येक एप्रिलमध्ये आम्ही घंटा खुंटीला टांगायचो, अंगणात ‘थांब’ गिरवायचो आणि ८ जुलैच्या पहाटेची वाट पाहायचो.